आधी ड्रम उघड

उभा राहा, आणि मान खाली घालू नको. शाळेच्या व्हॅनचा हँडब्रेक करून दिला म्हणून तू व्हॅनवाल्या काकांकडून मजुरी घेतलीस. मग आज सकाळची शाळा सुटली तेव्हा तीच व्हॅन शाळेच्या फाटकासमोर चाकाखाली गोटा ठेवून काहून उभी होती? आत लहान पोरं बसलेली, काका खाली उतरून एका पोरीचं दप्तर आत ठेवत होते, आणि समोरचा रस्ता थेट चौकापर्यंत उताराचा. ती सगळी पोरं नाल्यातून उचलून आणलेल्या एका गोट्याच्या भरवशावर होती.

मी काकांना विचारलं. तुझ्याबद्दल ते एक वाकडा शब्द बोलले नाहीत. "पोट्ट्यानं आवळून देल्ला सर, चार दिवस धरला, आता पुन्हा तसाच. जुनी गाडी हाय, चालायचंच." त्यांनी तुला सांभाळून घेतलं. मी घेणार नाही. व्हॅन तिथूनच आपल्या वर्कशॉपला आणायला लावली. पोरांना घरी सोडायला काकांना दुसऱ्याची गाडी सांगावी लागली, त्यांचा आजचा रोज बुडाला. तो तुझ्यामुळे बुडाला, हे लक्षात ठेव.

तू काय केलंस ते गाडीच सांगते आहे. दोन सीटच्या मधलं कव्हर काढलंस, लिव्हरच्या बुडाशी केबलचा नट दिसला, त्याला पाना लावलास आणि आटे संपेपर्यंत नेलास. लिव्हर ओढून पाहिलीस, कडक लागली, कव्हर लावून टाकलंस. चाक काढलं नाहीस. ड्रम उघडला नाहीस. गाडीखाली वाकून एक नजरसुद्धा टाकली नाहीस. मेकॅनिक मोटर व्हेईकल हा आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. त्यातलं दुसरं वर्ष तुझं सरत आलं, आणि ब्रेकचं काम तू चाक न काढता केलंस.

इकडे ये, वाक. डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला बघ. बॅकप्लेटच्या खालच्या कडेपासून टायरवर काळा ओघळ उतरलाय. त्यावर धूळ बसून जाड थर झालाय, म्हणजे ही गळती कालपरवाची नाही, तू नट आवळलास तेव्हाही होती. बोट लाव आणि हुंग. हा उग्र, गंधकासारखा वास कशाचा? गिअर ऑइलचा. ब्रेक ऑइल पातळ असतं, त्याला हा वास नसतो. ब्रेक ऑइल असतं तर व्हील सिलिंडरच्या वॉशरवर संशय घेतला असता. हे गिअर ऑइल आहे, म्हणजे एक्सलचा ऑइल सील गेलाय. ही व्हॅन ओम्नी आहे, ती मागच्या चाकांवर चालते, तिचा डिफरन्शियल मागच्या हाउसिंगमध्ये असतो, आणि त्यातलं तेल आणि ब्रेकचे शू यांच्यामध्ये फक्त तेवढा एक रबरी सील असतो. सील गेला की तेल सरळ लायनरवर. नट दहा वेळा आवळ, तेलात भिजलेला लायनर ड्रमला धरणार नाही.

आणि सील का गेला, हेही विचारायचं असतं. नुसता बदलून मोकळं व्हायचं नसतं. हाउसिंगच्या वर एक छोटा ब्रीदर असतो. तेल तापलं की आतली हवा फुगते, ती तिथून बाहेर पडते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पावसाळ्यात गावरस्त्याने गाडी एकदा गेली की काळी माती कुठे कुठे जाऊन बसते हे तुला मी सांगायला नको, तू राळेगावकडचाच. ती माती ब्रीदरवर सुकली की दगडासारखी होते. मग हवेला वाट उरत नाही आणि ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. ब्रीदर मोकळा न करता नवा सील टाकशील तर तोही थोड्याच दिवसांत गळेल, आणि काका पुन्हा गोटा शोधतील.

हँडब्रेकची साखळी तुला तोंडपाठ आहे, परीक्षेत तू ती बरोबर लिहिली होतीस. लिव्हर, तिच्या दातांत अडकणारा पॉल, केबल, दोन्ही चाकांना ओढ सारखी वाटणारा ईक्वलायझर, मग ड्रमच्या आत शूला जोडलेली छोटी लिव्हर, आणि ती ज्याला रेटते तो स्ट्रट. एक शू इकडे, दुसरा तिकडे, दोन्ही ड्रमला भिडतात. मग आता मला सांग, लिव्हर आठ-दहा कट, म्हणजे दात, वर येऊनही गाडी सरकते तेव्हा दोष या साखळीत कुठे असतो? लायनर झिजलेत का, ऑटो ॲडजस्टर गंजून अडकलाय का, ड्रम आतून खाऊन त्याचा व्यास वाढलाय का, तेल आलंय का. या सगळ्या गोष्टी चाकाजवळच्या आहेत. केबल लांबते, तिच्या तारा तुटतात, कव्हरच्या आत गंजून ती अडकते, तेही खरं. लिव्हरचे दात झिजतात, ओढलेली लिव्हर कटकन खाली येते, तेही होतं. पण त्यांचा नंबर नंतर. जुन्या गाडीत शू आणि ड्रममधलं अंतर वाढत जातं आणि ती सगळी मोकळीक लिव्हरवर येऊन दिसते. दिसते लिव्हरवर, असते ड्रममध्ये. तू जिथं दिसलं तिथंच पाना लावलास.

त्याने दुरुस्ती तर झालीच नाही, उलट नुकसान झालं. केबल ओढून ठेवलीस म्हणजे लिव्हर खाली असतानाही आतली छोटी लिव्हर थोडी ओढलेलीच राहते. शू आपल्या थांब्यावर मागे जात नाहीत. ऑटो ॲडजस्टरला काम करायला शू पूर्ण मागे यावे लागतात, तेव्हाच तो अंतर ओळखून एक दात पुढे सरकतो. तू त्याचं कामच बंद पाडलंस. उजव्या चाकाला हात लावून बघ. तिकडे तेल नाही, तिकडचा शू सकाळपासून घासत आलाय. गाडी इथे आली तेव्हा त्या ड्रमवर हात ठेववत नव्हता. असा तापत राहिला तर लायनरवर काचेसारखी चमक चढते आणि तोही धरायचा सोडतो. म्हणजे एक चाक तेलाने गेलेलं होतं, दुसरं तू घालवायला निघाला होतास. आणि जे शू हँडब्रेकचे तेच पायब्रेकचे, हे विसरलास? डावं चाक धरत नाही, उजवं जास्त धरतं. ओल्या रस्त्यावर काकांनी जोरात ब्रेक दाबला असता तर मागची बाजू कुठे गेली असती? म्हणून ही व्हॅन आता काम पूर्ण होईपर्यंत इथून हलणार नाही.

तू मला म्हणालास, "सर, मी चेक केला होता, गाडी हलली नाही." कुठे चेक केलास? गॅरेजसमोरच्या सपाट जागेवर, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून. मग तुला गिअरने गाडी धरल्याचं कळलं. हँडब्रेकबद्दल काहीच कळलं नाही.

याच चुकीने काय झालं ते ऐक. कॅनडात क्यूबेक प्रांतात लाक-मेगांटिक नावाचं छोटं शहर आहे. 2013 च्या जुलैत, कच्च्या तेलाच्या 72 टाक्यांची एक मालगाडी रात्री जवळच्या नांत गावाशी रुळावर उभी करून ठेवली होती. चालकाने सात हँडब्रेक लावले आणि ते धरतात का हे तपासलं. पण तपासताना इंजिनाचे हवेचे ब्रेक लावलेलेच होते. गाडी हलली नाही, त्याला वाटलं हँडब्रेक धरतायत. नंतर इंजिनाला आग लागली, ती विझवताना इंजिन बंद केलं गेलं, हळूहळू हवा गळून गेली, आणि उरले ते सात हँडब्रेक. चौकशीत निघालं की तिथे किमान 17 आणि कदाचित 26 लागले असते. गाडी उतारावरून 11 किलोमीटरच्या वर धावत गेली आणि 6 जुलैच्या पहाटे शहराच्या मध्यात रुळांवरून उतरून पेटली. 47 माणसं गेली. तिथला उतार किती होता माहीत आहे? शंभर मीटरला सव्वा मीटरसुद्धा नाही, 1.2 टक्के. डोळ्याला तो सपाटच दिसतो.

तुझी व्हॅन मालगाडी नाही हे मला कळतं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार सहज घरंगळतं, रबरी टायरला थोडा जास्त उतार लागतो. पण शंभराला तीन-चार पुरे होतात. गणित कर, वहीत नको, इथेच तोंडी. हजार किलोची गाडी दहात एक अशा चढावर उभी केली तर तिला मागे ओढणारा जोर किती? जवळपास शंभर किलोचा. पोरांनी भरलेली व्हॅन तर टनाच्याही वर जाते. तो जोर तासभर, दोन तास, जितका वेळ गाडी उभी आहे तितका वेळ एकसारखा ओढत असतो, आणि त्याला अडवायला तुझे दोन शू असतात. पार्किंग ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतला 13 क्रमांकाचा नियम पूर्ण भरलेली गाडी 18 टक्क्यांच्या चढावर आणि उतारावर, दोन्हीकडे, धरली पाहिजे असं सांगतो. शंभर मीटरला 18 मीटर. मोजमाप ते असतं. गॅरेजसमोरची फरशी हे मोजमाप होत नाही.

"आपल्याकडे कुठे घाट आहे" हे मला पुन्हा ऐकवू नको. धामणगाव रोडने करळगावचा घाट उतरून बघ. पुसदहून वाशीमकडे जाताना खंडाळ्याच्या घाटात कोणी पंक्चर काढायला थांबलेला असतो, त्याला विचार. आणि घाट कशाला हवा? गावात शिरणारा प्रत्येक रस्ता नाल्याच्या पुलाकडे उतरतो, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फाटकावर गाड्यांची रांग उतारावरच लागते, आणि बाजाराच्या दिवशी उभ्या गाडीच्या मागे माणसं बसलेली असतात.

कायदाही सांगतो. मोटार वाहन अधिनियम 1988, कलम 126. सार्वजनिक जागी गाडी उभी करून चालक सीटवरून उठणार असेल तर इंजिन बंद हवं आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज हवी. म्हणजे गोट्याने कायद्याचं समाधान एक वेळ होईल. पण काका रोज डझनभर ठिकाणी थांबतात, प्रत्येक ठिकाणी उतरून मागे जाऊन गोटा लावतात, निघताना काढून आत ठेवतात. एखाद्या दिवशी पाऊस असेल, घाई असेल, गोटा आदल्या थांब्यावर राहिलेला असेल. त्या दिवसासाठी हँडब्रेक असतो. आणि गिअरच्या भरवशावर ठेवावी म्हणशील, तर आत पोरं आहेत. ड्रायव्हर उतरला की पहिलं पोर पुढे येऊन गिअरच्या दांड्याशी खेळतं.

जुनी गाडी आहे, चालायचंच, हे काका म्हणाले तर मी समजून घेतो, दुरुस्ती हा त्यांचा धंदा नाही. तू म्हणालास तर खपवून घेणार नाही. 1984 मध्ये ही व्हॅन पहिल्यांदा बाजारात आली आणि 2019 पर्यंत बनत राहिली. पस्तीस वर्षं मागच्या ब्रेकची रचना फारशी बदलली नाही. सील मिळतो, शू मिळतात, केबल मिळते, यवतमाळच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात उभ्या उभ्या मिळते. गाडीचं वय झालंय म्हणून हँडब्रेक धरत नाही असं नसतं. कोणीतरी ड्रम उघडायचा कंटाळा केला म्हणून तो धरत नाही. आठ वर्षांवरच्या प्रवासी वाहतुकीच्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, आणि त्या एका दिवसापुरता नट आवळून देणारे आपल्या जिल्ह्यात भरपूर आहेत. मला इथून तसला आणखी एक बाहेर पाठवायचा नाही.

आता काम. पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, लाकडी ठोकळे लाव. काहून, ते सांग. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना आहे, आणि मागचीच चाकं तू उचलणार आहेस. गिअरवरही विसंबू नको. या गाडीत एक मागचं चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे दुसरं चाक गिअरमध्ये असूनही फिरू शकतं, गाडी जॅकवरून घसरते आणि खाली माणूस असतो. म्हणून दोन्ही बाजूंना गाडीखाली आधाराला घोडी. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली सरकलेला मला कोणी दिसला तर त्या दिवशी त्याचा पाना बंद.

हँडब्रेक सोड, तू आवळलेला नट पूर्ण ढिला कर. चाक काढ. ड्रम निघत नसेल तर हातोडा उचलू नको, ड्रमला दोन आट्यांची भोकं आहेत, त्यात 8 मि.मी.चे दोन बोल्ट लाव आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळ, तो सरळ बाहेर येतो. आत भुकटी दिसेल. तिच्यावर हवेचा पाइप मारायचा नाही. मागच्या आठवड्यात तू मारलास, मी पाहिलं, आणि तोंडाला रुमालसुद्धा नव्हता. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात जातं आणि बाहेर येत नाही, आजार दिसायला वीस-तीस वर्षं लागतात. ब्रेक क्लीनर किंवा साबणाचं पाणी मारून ओलं पुसायचं.

शू काढण्याआधी स्प्रिंग कुठली कुठे आहे त्याचा फोटो काढ, एका वेळी एकच बाजू उघड, दुसरी बाजू नमुना म्हणून बंद राहू दे. डावा स्ट्रट उजव्या बाजूला गेला तर ॲडजस्टर उलटा होतो. तेल लागलेले शू पेट्रोलने धुऊन पॉलिश पेपर मारून परत बसवायचे नाहीत. तेल लायनरच्या आत मुरलेलं असतं, ब्रेक तापला की पुन्हा वर येतं. आणि शू बदलायचे ते दोन्ही बाजूंचे, नाहीतर एक चाक धरेल आणि दुसरं मागे राहील. ड्रमच्या आतल्या कडेला नख लावून बघ, ओठ आलाय का. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, व्हर्नियरने मोज आणि ताडून बघ, अंदाजाने सांगू नको. ॲडजस्टर काढून साफ कर, हाताने फिरतो की नाही बघ. शू बॅकप्लेटवर जिथे टेकतात तिथे ग्रीसचा नुसता हात फिरव, लायनरला लागू देऊ नको. केबल कव्हरमध्ये मोकळी सरकते का ते एका टोकाला धरून ओढून पाहा. अडकत असेल किंवा एक तार जरी तुटलेली दिसली तर नवी टाक.

सगळं बसलं की आधी ॲडजस्टरने शू आणि ड्रममधलं अंतर घे, पायब्रेक बऱ्याच वेळा दाब, शू आपल्या जागी येऊ दे. केबलला हात सगळ्यात शेवटी. पाच ते आठ कटांत, एका हाताने, जोर न लावता धरला पाहिजे. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघ, मॅन्युअल कपाटात आहे. एक-दोन कटांवर चाक हलकं घासलं पाहिजे, पूर्ण ओढल्यावर दोन्ही चाकं हाताने फिरता कामा नयेत, आणि सोडल्यावर दोन्ही मोकळी फिरली पाहिजेत. तिसरी गोष्ट तू नेहमी सोडतोस.

मग व्हॅन मागच्या फाटकाच्या उतारावर नेऊ. मी बाहेर उभा राहीन, तू आत. गिअर न्यूट्रल, इंजिन बंद, हँडब्रेक ओढ, आणि पायब्रेकवरून पाय उचल, पण पाय तिथेच वर तयार ठेव. गाडीचं तोंड वर करून एकदा, तोंड खाली करून एकदा. एका बाजूला धरला म्हणून दुसऱ्या बाजूला धरेलच असं नाही, दोन्ही शूंवर भार बदलतो.

काकांना एक गोष्ट तूच सांगायची: हँडब्रेक रोज वापरा. धरत नाही म्हणून वापरायचा नाही, आणि वापरत नाही म्हणून केबल गंजते, हे चक्र इथे प्रत्येक जुन्या गाडीत चालू आहे. मात्र पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात. तेव्हा ठोकळा लावा, चांगला लाकडी, गोटा नाही. व्हॅनमध्ये ठेवायला एक ठोकळा आपल्या सुतारकामाच्या विभागातून करून घे.

सील, शू आणि लागली तर केबल, यांचे पैसे काकांकडून घ्यायचे, बिल दाखवून. मजुरी घ्यायची नाही. आणि जी घेतली आहेस ती आधी परत कर, ते बाहेर बाकावर बसलेत. परत करून ये, मग ठोकळे लाव.